दाखवली म्हणजे दिली नव्हे

९ जाने. ७८, सोमवार
राहू गावची तोडणीची पाळी पुन्हा चुकीची. शहात्तरच्या जुलैची लागण कारखान्याचं हिशेबाचं मशीन सत्त्याहत्तरची धरतंय. दीड वर्षाचा ऊस त्याच्या लेखी सहा महिन्यांचा, म्हणून तोडणी हंगामाच्या शेवटी. आकडे हाताने दोनदा करून पाहिले. माझं बरोबर आहे. तरी तिसऱ्यांदा केले.
कारण सापडलं. दोन कळा एकदम दाबल्या की एका कप्प्यात दोन आकडे राहतात, तारीख आणि साल. कंपनीचा मेकॅनिक सामंत गेल्या महिन्यात आतला भाग बदलून गेला. तेव्हापासून सालाची जागा रिकामीच राहते, आणि मशीन आपलं गेलं साल धरतं. दिवा मात्र हिरवा.

१० जाने.
तक्रारीच्या कागदावर लिहिलं, ‘प्रोग्राम चुकतो आहे.’ शेतकी अधिकारी साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. “प्रोग्राम चुकतो? बाई, तोडणी प्रोग्राम मीटिंगमध्ये मंजूर होतो. तो कसा चुकेल?” मी म्हटलं, तो नव्हे, मशीनला शिकवलेला. “मशीनचाही प्रोग्राम असतो होय. मग गावजेवणही घाला.” सगळे हसले. हसण्यासारखं काय होतं.
शब्द मीच नीट निवडायला हवा होता.

१२ जाने., गुरुवार
सामंत आला. मशीनचं पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवलं.
“ही दोन कळांची युक्ती यात दाखवा.”
नाही त्यात.
“मग हा बिघाड नव्हे. तक्रार घेता येत नाही.”
म्हटलं, ती तुम्हीच शिकवलीत, याच खुर्चीत बसून, मशीन बसवलं त्या दिवशी.
“दाखवली म्हणजे दिली नव्हे. चालत होती ते तुमचं नशीब.”
चहा पिऊन, बशी माझ्याच कागदांवर ठेवून गेला. मशीन खपवताना हीच कळ दाखवून साहेबांच्या टाळ्या घेतल्या होत्या यानं.

१३ जाने.
राहूचे सोपानआबा काठी आपटत आत आले. उसाला तुरे आलेत, आतून पोकळ पडायला लागलाय. नदीपलीकडे शिरूरच्या बाजूला लागण नंतरची, सत्त्याहत्तरचीच, तरी तोडणी आधी. तिकडचे संचालक खूश, त्यामुळे इथं कुणाला घाई नाही.
आबा : “माझा ऊस पोरासंगं पाळन्यात घातला का तुमी?”
मशीनचं सांगायला लागले. “मशीनचं मला काय सांगता. तोडीच्या चिठ्ठीवं सही कुनाची हाय?”
माझी आहे.

१५ जाने., रविवार, दौंड
घरी. आप्पांना सगळं सांगितलं. रेल्वेत जन्म गेला त्यांचा. रूलबुकात नसलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही, हे पहिलं वाक्य असणार हे माहीतच होतं. तेच निघालं. शाळेत घालण्याआधी पाढे त्यांनीच शिकवले. चुकलं तर पाटी पुसू द्यायचे नाहीत, रेघ मारायची, चूक दिसली पाहिजे. आज म्हटलं, आप्पा, रेघ कुणाच्या पाटीवर मारू? ते बाहेर जाऊन उभे राहिले.

१७ जाने.
साहेबांनी खोलीत बोलावलं. कागद टाईप करून तयार. ‘ऑपरेटरच्या चुकीमुळे पाळी चुकली.’ सही केली तर राहूची पाळी उद्याच बदलतील. मशीनचा दोष लिहिला तर कंपनीला पत्र, मग मीटिंग, मग चौकशी. तोवर हंगाम संपेल.
“राखीव जागेच्या सवलतीत लागलेल्या पोरीला एवढा ताठा बरा नाही. अजून कायम नाही झालात.”
 कान तापले ते अजून तसेच. माणूस इतका स्वस्तात का बोलतो.
आणि कळ तर मी दाबलीच होती. पुस्तक वाचलं होतं, त्यात नाही हे ठाऊक होतं. म्हणजे थोडी चूक… थोड्या चुकीचा रकाना त्या कागदावर नाही.

१८ जाने.
साहेबांना म्हटलं, आधी तोडणीची टोळी राहूला पाठवा, मग सही. ते म्हणाले, आधी सही. दोघंही बसून राहिलो. ऑफिस बंद झालं, कागद टेबलावरच.
आबा बाहेर पायरीवर. सगळं ऐकलं असावं.
“सही केली का मग तुटंल माझा ऊस?”
म्हटलं, तुटेल. पण ते खरं नाही आबा.
“आसंल.” उठता उठता म्हणाले, “पर बाई, तुमच्या खरंपनाचं वजन काट्यावं भरत न्हाई. माझा ऊस रोज घटतोय.”
  सकाळी कागद पुन्हा समोर येईल.