चाव्या मागण्याआधी

गुरुवार, दिनांक ६ मार्च २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी माझ्या मुलाने, तीनशे किलोमीटर लांब आपल्या कचेरीत बसून, फोनवर बोट ठेवून माझी गाडी बंद केली. मी आत होते. दारांना कुलूप बसले, काचा वर होत्या, बाहेर कडक ऊन होते, आणि समोरच्या पडद्यावर अक्षरे उमटली: 'मालकाच्या परवानगीशिवाय हे वाहन सुरू होणार नाही.' सव्वीस मिनिटे मी त्या गाडीत होते. ती सव्वीस मिनिटे झाली नसती तर हा कागद आणखी दहा वर्षे लिहिला गेला नसता, म्हणून त्यांची नोंद सर्वांत आधी.

मी खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, विधवा, मोटार वाहन निरीक्षक म्हणून एकतीस वर्षे परवान्याच्या परीक्षा घेऊन निवृत्त, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. 'पूर्ण शुद्धीत' हे दोन शब्द लोक सवयीने लिहितात. मी ते लिहिण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली, आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. दोनवर पोचल्यावर मी विचारले, "आता उणे पाच म्हणू का?" ते म्हणाले, "पुरे, बाई. इथवर मीही येत नाही." दाखला सोबत जोडला आहे. त्यात 'आज रोजी सक्षम' असे आहे. मी म्हटले, "ते 'आज रोजी' काढा." ते म्हणाले, "तसंच लिहायची पद्धत आहे." पद्धत असेल. पण त्या दिवसापासून रोज सकाळी उठल्यावर ते दोन शब्द आधी डोळ्यांसमोर येतात.

कलम १. मी राहते ते घर, खालच्या गॅरेजसह, माझ्या मुलाला. तो माझा एकुलता एक आहे आणि कायद्याने व प्रेमाने ते त्याचेच आहे. गॅरेज त्याने भाड्याने द्यावे, सामान भरावे, माझी हरकत नाही. बाथरूमची कडी काढलेली आढळेल, ती परत लावून घ्यावी. सहा तारखेनंतर मला कडी लावून आत उभे राहवत नाही.

कलम २. नवी गाडी. विजेवर चालणारी, पांढरी, मुलाने माझ्या सत्तरीला दिलेली. जी वस्तू माझी कधी नव्हतीच ती देण्याचा प्रश्न येत नाही. दुकानातल्या पोराने "आजींना सहज जमेल" म्हणत मला पडदा शिकवला, पण मालक म्हणून मुलाच्या फोनची नोंद झाली आणि मी 'पाहुणी चालक'. हे मला सहा तारखेला पडद्यावरून कळले.

नव्या गाड्यांबद्दल माझ्या मनात अढी आहे असे घरात बोलले जाते. तसे नाही. चढावर हॅण्डब्रेक न ओढता उभ्या राहतात, ही गोष्ट पाहून पहिल्या दिवशी फक्त टाळी वाजवायची बाकी होती. ब्रेक उत्तम. दिवे उत्तम. पण आजच्या सगळ्या गाड्यांची तोंडे चिडलेली का असतात? जुन्या गाड्यांकडे समोरून पाहिले तर त्या जरा भांबावलेल्या दिसत, आणि माणसाने हजार किलो लोखंड घेऊन रस्त्यावर उतरताना तसेच दिसले पाहिजे. स्टेपनीच्या जागी हल्ली पंक्चर बुजवायच्या द्रवाची एक बाटली देतात. चावी म्हणून साबणाची वडी देतात. जुन्या गाडीचे दार लागले की चार घरांना कळे, बाई आल्या. हिचे दार लागल्याचे आत बसलेल्यालाही कळत नाही, आणि दुकानदार हीच खुबी म्हणून सांगतो. माझे मिस्त्री, जे तीस वर्षे माझी गाडी बघतात, त्यांनी हिचे बॉनेट उघडून पाहिले आणि हळूच मिटले. "काय झालं?" मी विचारले. "आत चादर पांघरून झोपलीय, बाई. पाहुण्यांना भेटत नाही."

त्या दिवशी संध्याकाळी मुलाशी झालेले बोलणे आठवते तसे उतरवते.

"तू फोन उचलत नव्हतीस, आई. चार वेळा केला. मी घाबरलो."

"फोन डिकीत होता. चालवताना मी जवळ ठेवत नाही, तुला माहीत आहे. आणि घाबरलास म्हणून आईला कोंडायचं?"

"गेल्या महिन्यात अकरा वेळा तू एकदम ब्रेक मारलास. माझ्या फोनवर येतं ते. आज बारावी वेळ होती."

"म्हणजे तू मोजत होतास."

"गाडी मोजते."

मग तो म्हणाला, "जन्मभर लोकांना नापास केलंस. आता एकदा तूही हो ना. एक तारखेला येतो, दोन्ही गाड्यांच्या चाव्या घेतो. जुनीला गिऱ्हाईकही बघून ठेवलंय."

मी फोन ठेवला.

कलम ३. जुनी गाडी. काळी, चव्वेचाळीस वर्षांची, चार दारे, पुढे तिकोनी काचा. माझ्या यजमानांनी घेतली आणि एक दिवसही चालवली नाही, कारण मी त्यांना दोनदा नापास केले होते. (आरसा न पाहता बाहेर पडत. घरातूनही तसेच पडत.) तिसऱ्यांदा ते परीक्षेला आलेच नाहीत. "घरी रोज देतो ती पुरे," म्हणाले, आणि पुढची सव्वीस वर्षे शेजारच्या सीटवर बसून मला रस्ता दाखवत राहिले, बहुतेक वेळा चुकीचा.

ही गाडी मिस्त्रींना. "मला नको, बाई," ते म्हणाले, "माझ्या दारात हिला उभी करायला जागा नाही."

"मग दार रुंद करा."

"बायको मला बाहेर काढेल आणि हिच्या शेजारी उभं करेल."

तरीही त्यांनाच. आठवड्यातून एकदा सुरू करावी. थंडीत चोक पूर्ण ओढावा, दहा मोजावेत, मग अर्धा आत. दुसरा गिअर मनवून घालावा लागतो. पेट्रोलचा काटा खोटे बोलतो, अर्धी दाखवली की पाव समजावी. ही गाडी एवढ्या वर्षांत कितीतरी वेळा बंद पडली, पण माझ्या अंगावर कधी बंद झाली नाही. मुलाने बघून ठेवलेल्या गिऱ्हाइकाला कळवावे की माल विकाऊ नाही.

कलम ४. माझे पाने, जॅक, स्पार्क प्लगची फट मोजायच्या पट्ट्या, आणि बँकेत असेल ती सगळी शिल्लक माझ्या नातीला. ती एकोणीस वर्षांची आहे आणि या घरात 'चोक म्हणजे काय?' असे विचारून उत्तर पूर्ण ऐकणारी एकटीच आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. आजोबांची आरसा न पाहण्याची खोड तिच्यात उतरली आहे, ती तिने काढावी.

कलम ५. माझे धाकटे दीर बावीस वर्षे माझ्या घराची पायरी चढलेले नाहीत, कारण मी त्यांना चढावरच्या परीक्षेत नापास केले आणि त्यांनी सगळ्या नात्यात सांगितले की वहिनीने मुद्दाम डूख धरला. त्यांच्या परीक्षेच्या कागदाची नक्कल मी जपून ठेवली आहे. ती त्यांना द्यावी. गाडी साडेतीन मीटर मागे गेली होती आणि मागे भाजीची गाडी उभी होती. माझी बाजू एवढीच. मात्र ते समाचाराला आले तर त्यांना सपाट जागी गाडी लावू द्यावी.

कलम ६. हे कलम कोणालाही काही देत नाही. मी खोटे लिहिलेला कागद मागे ठेवणार नाही, म्हणून ते घातले आहे. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी हातावर पट्टी मारून ही एक सवय लावली.

वर मी लिहिले की दारांना कुलूप बसले. ते खरे आहे. त्या गाडीच्या प्रत्येक दाराला आतून, काचा खाली-वर करायच्या बटणांच्या पुढे, एक साधा खटका आहे. वीज गेली, फोनने कुलूप घातले, काहीही झाले तरी तो वर ओढला की दार उघडते. गाडी घरी आली त्याच आठवड्यात मी तिचे माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले होते. त्या खटक्याच्या चित्राभोवती मी पेन्सिलीने गोल केला आहे. नातीला तो मीच दाखवला होता.

त्या सव्वीस मिनिटांत तो खटका आहे हे मला आठवले नाही. मी बटणे दाबली, काच ठोकली, पडद्यावर बोट आपटले. फोन डिकीत. हॉर्न वाजला असता, पण गाडी वाचनालयासमोर उभी होती, आणि शांतता क्षेत्रात हॉर्न वाजवला म्हणून मी आयुष्यभर लोकांचे गुण कापले. पहिली पंधरा मिनिटे मी तो वाजवला नाही. श्वास छातीच्या वर अडकायला लागला तेव्हा वाजवला. वाचनालयाचा वॉचमन मला दरडावायला आला. "मावशी, इथं हॉर्न नाही वाजवायचा, बोर्ड दिसत नाही का?" मी काचेवर हात मारला. त्याने वाकून आत पाहिले. "अहो, तो खटका ओढा की. तुमच्या हाताखालीच आहे."

माझा हात खरोखरच त्याच्यावर होता.

मुलाला मी सांगितले की दार थोड्या वेळाने आपोआप उघडले. ते खोटे होते. बारा ब्रेकही खरे आहेत. जुन्या गाडीच्या सवयीने डावा पाय क्लच शोधतो, क्लच नसतो, आणि पाय रुंद ब्रेकवर पडतो. पन्नास वर्षे क्लच दाबलेल्या कोणाचाही पडेल. पहिल्या महिन्यात. मला ती गाडी मिळून तीन वर्षे झाली आहेत, आणि पाय चुकायला लागून दोन महिने.

सहा तारखेपासून मी रोज सकाळी दात घासताना जुन्या गाडीच्या भागांची नावे पुढच्या बंपरपासून मागच्या सायलेन्सरपर्यंत ओळीने घेते. बारा तारखेला एक नाव आले नाही. वस्तू दिसत होती, काळी टोपी, तिच्यातून निघालेल्या पाच वायरी, तिला बसवायचा कोन मला ठाऊक होता. नाव नव्हते. मिस्त्रींना फोन करून विचारावे असे वाटले, आणि विचारले तर त्यांना कळेल म्हणून केला नाही. दुपारी गवार निवडताना ते आले. डिस्ट्रिब्युटर. मी ते गवारीला मोठ्याने ऐकवले.

मला मरणाची भीती नाही, त्याची सोय वर केली आहे. मला भीती आहे ती दार कुठून उघडते हे ठाऊक असलेली बाई आणि आत बसलेली बाई या दोन वेगळ्या होत चालल्याची. आणि ते मला कोणीतरी फोनवरून, बोट ठेवून कळवेल, याची.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचून पाहिला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले, आणि आम्ही तिघे एकाच खोलीत, एकाच टेबलाशी असताना त्यावर सही केली.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिली: वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाई. (सही) त्यांनी मजकूर वाचायला नकार दिला आणि सही झाल्यावर माझा हात बराच वेळ सोडला नाही.

साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरचे शिंपी. (सही) मिस्त्रींना बोलावले नाही, कारण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, आणि त्यांना दार रुंद करायचे आहे.

ठिकाण: माझ्या घरातील जेवणाचे टेबल, दरवाजा उघडा.
दिनांक: सोमवार, १७ मार्च २०२५.

प्रत: चिरंजीवास, पोचपावतीसह टपालाने.

बाळा, मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. तुला ते आधी पाठवते आहे, कारण सहावे कलम तू मी असतानाच वाचायला हवेस.

नोकरीत मी ज्याला नापास केले त्याला कारण लिहून दिले. नियमात नव्हते, माझी पद्धत होती. एकदा निवृत्त बसचालक परवान्याच्या नूतनीकरणाला आले. शहात्तर वर्षांचे. मागे घेताना त्यांनी दोनदा खांब पाडला. मी कारण लिहिले, त्यांनी ते वाचले, चार घड्या घालून खिशात ठेवले आणि म्हणाले, "बरं झालं लिहून दिलंत. घरचे नुसतं 'आता पुरे' म्हणतात." त्या वेळी मला ते सौजन्य वाटले होते.

तू मला परीक्षा न घेता नापास केलेस. माझे म्हणणे एवढेच आहे. म्हणून एक तारखेच्या आधी ये. फोन घरी ठेव आणि जुन्या गाडीत माझ्या शेजारी बस. मी गॅरेजमधून मागे काढीन, चढावर थांबून पुन्हा उचलीन, वाचनालयाच्या गल्लीत तीन वेळा मागेपुढे करून वळवीन, दोन गाड्यांच्या मधे लावीन. मग नव्या गाडीत हेच सगळे. तू कागद घेऊन प्रत्येक गोष्टीपुढे पास किंवा नापास लिही. दया येऊन पास करू नकोस. तसे केलेस तर मला कळेल, आणि कळले नाही तर तूच बरोबर होतास असे समज.

नापास झाले तर दोन्ही चाव्या मी स्वतः तुझ्या हातात देईन, आणि त्यानंतर कुठे जायचे असेल तर मला नेणे तुझे काम राहील. कारण पूर्ण वाक्यात हवे. 'वय झाले' हे कारण नाही, तो शेरा आहे.

निकाल कागदावर, तुझ्या सहीनिशी, सोमवार दिनांक ३१ मार्च २०२५ रोजी सायंकाळी पाचच्या आत माझ्या हाती मिळावा. फोनवर आलेला कोणताही निरोप उत्तर म्हणून धरला जाणार नाही.