कबुतरं, हिरवं पाकीट आणि मी

३ ऑगस्ट, सकाळ
ठरलं. वीस तारखेला विज्ञान मंडळापुढे माझं व्याख्यान: ‘माणूस, एक बिनपंखी कबूतर’. मंडळाला पटलं तर लॅबला अनुदान, नाहीतर लॅबला टाळं आणि माझी कबुतरं कुणाच्या तरी पदरात. पटणारच. प्रयोग सोपा आहे. यंत्र वाटेल तेव्हा दाणे टाकतं. दाणा पडताना कबूतर गिरकी घेत असेल, तर ते पुढे गिरक्याच घेत बसतं. गिरकीमुळे दाणा पडला म्हणे! माणसांचे सगळे विधिनिषेध असेच जन्मले. मी तेवढा सुटलो.

५ ऑगस्ट
दाण्यांच्या यंत्रावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट! यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्या शिंचू शहरात बँकेपासून इस्पितळापर्यंत सगळीकडे ठेवतात. पण माझ्या लॅबमध्ये? ठेवणारी माझी सहायक, पेइचेन. म्हणाली, “राहू द्या ना सर, तुमचं काय खातंय ते?” वर नियम: रंग हिरवाच हवा, तारीख उलटलेली नको आणि खायचं तर मुळीच नाही.
संध्याकाळी खाल्लं. विज्ञानासाठी. चव बरी होती. रिकामं पाकीट फुगवून, चिकटवून परत ठेवलं. घाबरून नव्हे. पेइचेन उगाच डोकं खाईल म्हणून.

६ ऑगस्ट
यंत्र बंद. योगायोग.

९ ऑगस्ट
वायरमनने दुरुस्त केलं. तो जिना उतरेपर्यंत पुन्हा बंद. कबुतरं माझ्याकडे रोखून बघतात.
घरी सांगितलं. बायको म्हणाली, “खाताना लाज नाही वाटली? आता मुकाट्याने नवं आणा.” मी तिला उत्क्रांती समजावली. तिने भांडी आदळली.

१८ ऑगस्ट
यंत्र अजून रुसलेलंच. (खोडणे. यंत्रं रुसत नाहीत, बिघडतात.)

१९ ऑगस्ट
कोपऱ्यावरच्या दुकानातून हिरवं पाकीट घेतलं. भूक लागली होती. मग भूक गेली, म्हणून यंत्रामागे ठेवलं. तारीख मुद्दाम बघितली नाही. बघितली असती तर ती अंधश्रद्धा झाली असती.
यंत्र सुरू! वायरमनचं औषध उशिरा लागू पडलं.

२० ऑगस्ट, संध्याकाळ
व्याख्यान रंगलं. कबुतरं फिरली, लोक हसले. मग मंडळाच्या अध्यक्षा लो बाई यंत्र बघायला उठल्या आणि त्यांनी मागून पाकीट काढलं. मी म्हणालो, हे पेइचेनचं. पेइचेन म्हणाली, “माझं वरचं, सर. हवा भरलेलं.”
लो बाईंनी चष्मा पुसून पाकीट उलटंपालटं केलं. “अहो प्राध्यापक, ठेवायचंच होतं तर तारीख तरी बघायची! जुलैतच संपलंय.”
मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी शिळ्या पाकिटावरही यंत्र चाललं, हा माझाच विजय. टाळ्या मात्र लो बाईंना.

२ सप्टेंबर
अनुदान मिळालं. पेइचेनला. विषय: ‘सुशिक्षितांच्या अंधश्रद्धा’. कबुतरं लॅबमध्येच राहिली, जीव भांड्यात पडला.
मीही राहिलो. दुपारी तिच्या खोलीत बसायचं, दिवा लागला की बटण दाबायचं. मधूनच खाचेतून खारा शेंगदाणा पडतो. कधी पडेल याला काहीच नियम नाही, असं ती म्हणते. पोरगी हुशार आहे, पण निरीक्षण कच्चं. डावा कान ओढून बटण दाबलं की हमखास पडतो.