ड्रायव्हरचा राखणदार गप्प आहे

३ फेब्रुवारी, सकाळी ८.१०
शी! आमच्या टीममधल्या वेन्लाने माझा फ्लॅश ड्रायव्हर सोलला. दुसरा शब्द नाही. कोडच्या चार हजार दोनशे ओळींची एकच भरभक्कम फाइल होती, तिच्या सात केल्या. वर तिने लिहिलंय, फक्त रचना सुटसुटीत केली आहे. लाकूडतोड यंत्रांतल्या आमच्या इलेक्ट्रॉनिक डब्यात मेमरीची चिप कशी पुसायची, कशी लिहायची, खराब कप्पे कसे टाळायचे, हे सगळं सोळा वर्षं माझ्या त्या एका फाइलने सांभाळलं. माथ्यावर लिहिलेलं आहे : 'राखणदार : रैमो.' म्हणजे मला विचारल्याशिवाय तिला कोणी हात लावायचा नाही. या ऑफिसात मला एवढंच एक पद आहे.

वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर चष्मा काढून ठेवला.

४ फेब्रुवारी
कोडमधल्या माझ्या 'फ्लॅग३'चं नाव बदलून 'पुसणं_चालू_आहे' ठेवलंय. 'फ्लॅग३' ज्याला कळत नाही, त्याने चिपच्या वाटेला जाऊ नये. नऊशे ओळींच्या फंक्शनची एकतीस पिल्लं. किळस आली.

चाळीस मुद्द्यांची हरकत लिहायची ठरवलं. शीर्षक लिहिलं. मग कॉफी.

रात्री बायकोला, पिर्कोला, सांगितलं. ती म्हणे, मग तसं त्या पोरीला लिही ना बाबा, माझे कान का खातोस? तिला काय कळणार! आरडाओरडा हेलसिंकीवाल्यांनी करावा. उत्तरेकडे आमच्या औलूत माणूस गप्प बसला की समोरच्याचे पाय लटपटतात. मी हरकत लिहिणारच नाही. मी गप्प बसणार.

नियम आहे म्हणा. चौदा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर कोड सांभाळणारं यंत्र तो बदल आपोआप मूळ कोडला जोडून टाकतं. कोणीच बोलत नाही, कामं अडतात, म्हणून मीच केला होता तो नियम. पण तो इतरांच्या गप्प बसण्यासाठी. राखणदाराचं गप्प बसणं वेगळं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
कँटीनमध्ये वाटाण्याचं सूप. वेन्ला समोर बसली. सुपात घालायच्या मोहरीच्या चटणीची ट्यूब पुढे केली, मी घेतली नाही. बिनमोहरीचं सूप गिळलं. तिने विचारलं, रैमो, बघितलंस का रे सगळं? मी सुपात बघत राहिलो. ती बरं म्हणाली. चांगलीच हादरली असणार.

१० फेब्रुवारी
सापडली! चोरी सापडली! कप्पा खराब आहे का हे ती पुसण्याआधी तपासते, माझ्या कोडमध्ये ते पुसल्यानंतर होतं. म्हणे फक्त रचना! आनंदाने दोन कप कॉफी प्यायलो.

दुपारी ३. 'खराब' ही खूण चिप बनवणारे त्या कप्प्यातच घालून देतात. आधी पुसलं तर खूणही जाते. म्हणजे सोळा वर्षं मी खुणा पुसून मग त्या शोधत होतो. वेन्लाने हा बदल वेगळा नोंदवलाय, माझं नाव न घेता. हा मुद्दा यादीत घेणार नाही. मन मोठं असावं लागतं.

१४ फेब्रुवारी
ऑफिसच्या सौनात, वाफेच्या खोलीत, साहेब शेजारी. मार्कू. दगडांवर पाणी टाकता टाकता म्हणाला, तीनच दिवस राहिले, काय म्हणायचंय ते म्हणून टाक ना बाबा एकदाचं. मी सर्वांत वरच्या, सर्वांत तापलेल्या बाकावर जाऊन बसलो. याहून स्पष्ट कसं सांगायचं? कान भाजले.

१७ फेब्रुवारी, ९.००
जोडलं! यंत्राने खाली लिहिलं : 'हरकत नाही.' मार्कू सगळ्यांना सांगत सुटलाय, रैमोने चकार शब्द काढला नाही, म्हणजे कोड चोखच असणार. या माणसांचा वीट आला.

९.४०. आता हुकमाचा एक्का. मीही एक बदल टाकला. एकच ओळ. राखणदार म्हणून माझं नाव काढा. कारण : असल्या कोडला माझं नाव नको. घ्या! आता हरकतींचा पाऊस पडेल.

१९ फेब्रुवारी
हरकत नाही. शब्द जुळवत असतील.

२४ फेब्रुवारी
वेन्लाने नव्या कोडवर हजार वेळा वीज तोडून पाहिली. एकही नोंद हरवली नाही. माझ्या वेळी अकरा हरवायच्या. एकेकाचं नशीब असतं.

२६ फेब्रुवारी
वेन्ला टेबलापाशी आली. म्हणाली, रैमो, खरंच काढायचं का रे नाव? मला नाही आवडत. तू नुसतं नको म्हण, मी आत्ताच्या आत्ता हरकत लिहिते.

जिभेवर आलं होतं. पण हाच तो क्षण. आयुष्यातलं सर्वांत भारी मौन मी तिथे वापरलं. खिडकीबाहेर बर्फ ढकलणारा ट्रॅक्टर बघत राहिलो. ती बराच वेळ उभी होती. मग समजलं म्हणाली आणि गेली. डोळे ओले होते. पोरगी हुशार आहे, तिला कळलं.

२८ फेब्रुवारी
ते गयावया करतील तेव्हाच्या अटी : फाइल पुन्हा एक. 'फ्लॅग३' परत. मार्कूने सर्वांसमोर विचारायचं. पिर्को म्हणते, एका बटणाचं काम आहे, काढून घे तो बदल, कशाला ताणतोस? ताणत नाही. वाट बघतोय.

३ मार्च, ९.००
'चौदा दिवस पूर्ण. हरकत नाही. जोडलं.'

फाइल उघडून बघितली. माथ्यावर रिकामी ओळ. वाईट वाटलं. खूपच.

१०.३०. मार्कूने सगळ्यांना बोलावून सांगितलं, रैमोच्या इच्छेचा आपण मान राखला. टाळ्या वाजल्या. मला दोन शब्द बोल म्हणाले. बोललो नाही. पुन्हा टाळ्या. वेन्लाने जड मनाने नवी राखणदार म्हणून स्वतःचं नाव टाकलंय, मला चालत नसेल तर लिही म्हणाली. चौदा दिवस आहेत.

माझ्यासाठी क्रीमचे बन आणले होते. आत जॅम. मला बदामाचा आवडतो. सोळा वर्षांत कोणालाच माहीत नाही. दोन खाल्ले.