बेंबीचा खांब

२ सप्टेंबर, सोमवार

आज सकाळी लाबेसीला पोचलो. बस फाट्यावर सोडते, पुढे भातशेतांतून चालत. सासुरवाडीच्या लोकांनी लांबूनच हाळी दिली, "काय जावईबापू, खांदा आणलाय ना बरोबर?" मी हसलो. मन अगदी हलकं झालं. बंदरावरच्या गोदामात आजवर लोकांचं सामान हलवलं. अख्खं घर हलवायची ही पहिलीच वेळ.

घर नदीकाठी आहे. सगळं लाकडी, उंच खांबांवरचं. मालकीण म्हातारी गेल्या वर्षी वारली. तिची मुलगी शहरात असते, तिनं ते आम्हाला दिलं. नदी काठ खात चालली आहे, म्हणून घर जसंच्या तसं उचलून मशिदीमागच्या उंचवट्यावर न्यायचं. माझ्या बायकोला, वेल्लेला, आठवा महिना लागला आहे. बाळ स्वतःच्या घरात जन्मावं एवढीच तिची इच्छा. तोवर ती इथंच, तिच्या आईकडे आहे.

४ सप्टेंबर, बुधवार

घरं बांधणाऱ्या जाणत्या पुआंग मस्सेंकडे जाऊन बसलो. गावातली घरं त्यांच्या शब्दावर उभी राहतात आणि त्यांच्याच शब्दावर हलतात. त्यांनी सांगितलं, फुटेल आणि झुलेल ते सगळं उतरव. वर कुणी थांबायचं नाही. शुक्रवारी नमाजानंतर उचलायचं.

दिवसभर घर रिकामं केलं. कपबश्या पेंढ्यात ठेवल्या, दिव्याच्या काचा माझ्या सारोंगमध्ये, लुंगीतच, गुंडाळल्या. जमिनीखालच्या तुळयांना आडवे-उभे बांबू बांधून घेतले, प्रत्येक गाठ स्वतः ओढून पाहिली. मधल्या खांबाला इथं घराची बेंबी म्हणतात. त्याला वर एक गाठोडं टांगलेलं होतं. आत नारळ, गुळाचा खडा, वाळकी केळी आणि पाण्याचं बुडकुलं. घर चालताना ते नक्की कुणाच्या तरी डोक्यात बसलं असतं. सोडवून खाली अंगणात, खांबाच्या दगडापाशी ठेवलं. रात्री झोप छान लागली.

६ सप्टेंबर, शुक्रवार

सगळं गाव आलं. पुआंगनी आवाज दिला, सगळ्यांनी बांबू खांद्यावर घेतले आणि घर उठलं, शेतांतून चालू लागलं. मी पुढे पळत दोर धरायला, मागे पळत गाठी बघायला. कुणीतरी बांबूखालून ओरडलं, "जावईबापू, गाठी नंतर बघा, आधी खांदा लावा!" सगळे हसत होते. घर फार हलकं लागतंय म्हणत होते. रिकामं खोकं उचलल्यासारखं.

नवीन दगडांवर खांब टेकले. वेल्ले तांदूळ आणि पाणी घेऊन उजव्या पायानं शिडी चढली, तिनं चूल पेटवली. बायकांनी सगळ्यांना बारोंगको, पानात वाफवलेलं गोड केळं, वाटलं. तेव्हा मला गाठोडं आठवलं. धावत जाऊन आणलं आणि पुन्हा खांबाला बांधलं. पुआंगनी ते पाहिलं. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते तिथंच खाली बसले.

"मी सामान काढायला सांगितलं होतं, पोरा. हे काय सामान आहे?" मग गाठोड्याला हात लावून म्हणाले, "घराची राखण त्याच्यात बसते. तू तिला खाली उतरवलंस अन् घर घेऊन निघून आलास."

मी म्हटलं, गाठोडं आणलं ना. ते म्हणाले, नुसतं अंथरूण आणलंस, ती तिथंच राहिली.

८ सप्टेंबर, रविवार

घरात पाल नाही. लाकूड करकरत नाही. भाताला चव नाही, पण वेल्ले म्हणते भात तोच आहे. शिडी चढताना पायाला पायऱ्या लागत नाहीत, बघून पाय ठेवावा लागतो.

शुक्रवारपासून बाळ हललं नाही. सुईण पोट चाचपून, कान लावून गेली. ठोके आहेत म्हणाली, लांबून आल्यासारखे.

पुआंग म्हणाले, राखणीला तिच्या घरातल्या बाईनंच बोलवावं लागतं. आमचं ती ऐकायची नाही. त्यांनी म्हातारीच्या मुलीला फोन केला. ती येत्या रविवारी येते म्हणाली. तोवर वेल्लेला आईकडे ठेव, असं मला सांगितलं.

१० सप्टेंबर, मंगळवार

आईकडे नेलं. तिथंही तेच. सासूबाई रडतात. वेल्ले रडत नाही. मीही नाही. रडायला हवं हे समजतं.

दुपारी वेल्ले दिसेना. जुन्या जागेवर सापडली, खांबांच्या दगडांमधे उभी. हसत होती. माझा हात ओढून पोटावर ठेवला. लाथ बसली, चांगली जोरात. आम्ही तिथंच बसून राहिलो. आईच्या घरी परत आलो आणि पोट पुन्हा गप्प.

११ सप्टेंबर, बुधवार

भर दुपारी पुन्हा तिथं. बाळ हलतं. मीच तिला घेऊन गेलो. रविवारपर्यंत एवढं तरी.

तिच्या टाचा जमिनीला टेकत नव्हत्या. चपला गवतावर, पाय चपलांच्या वर. मी वाकून, हात घालून पाहिलं. तिला सांगितलं नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

पुआंगना सांगितलं. त्यांनी नजर वळवली. "आता तिला तिथं नेऊ नकोस. राखणीला घर नाहीये, तिला घरातली माणसं हवीत." दाराला कडी लावायला सांगितली.

लावली. वेल्ले दाराशी बसून होती. दिवसभर. पोटात काही हालचाल नाही. सुईण म्हणाली ठोके नीट लागत नाहीत. म्हणाली, मनाची तयारी —

कडी काढली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

जुन्या जागेवर ती वर आहे, हवेत. शिडीच्या उंचीवर. जिथं शिडी होती तिथं. खाली गवत, नुसतं गवत. तिच्या पावलांचा आवाज येतो, लाकडावरचा. लाकूड तर मशिदीमागे —

हाका मारल्या. सगळे नमाजाला गेलेत. घाबरायला हवं. आत शोधतो, सापडत नाही.

१४, शनिवार

उतरत नाही. रविवार उद्या. म्हणते, उद्या कशाला.

म्हणते, "वर ये की. किती हलतंय बघ. बाप कुठाय विचारतंय."

मी म्हटलं, खाली ये, बाळासाठी — नाही, खाली आली तर ते गप्प होईल. मलाही ठाऊक आहे ते. ऊन आहे. सगळं स्पष्ट दिसतं. दोर टाकला, तिनं पाहिलाही नाही.

उजव्या हातानं लिहितो आहे. डावा वर केला. तिनं धरला. ऊबदार आहे, किती दिवसांनी काही ऊबदार लागलं. वर बघतो. वेल्लेचे दोन्ही हात तर पोटावर —