नववी ‘ब’चे एक्केचाळीस फोन

ती. दाजी यांच्या चरणी, खडूने पांढऱ्या झालेल्या दोन्ही हातांनी मेहुण्याचा साष्टांग नमस्कार.

आपली तब्येत उत्तम असेल, गुडघा ताईच्या तेलाला दाद देत असेल आणि दुरुस्तीच्या दुकानात मान वर करायला फुरसत नसेल, असं सगळं धरून चालतो. इकडे आम्ही सर्व ठीक. सौ.ची कंबर ठीक आहे, माझा रक्तदाब परवापर्यंत ठीक होता, आणि शिक्षणासाठी आमच्याकडे ठेवलेली आपली लेक टिटवी तर इतकी ठीक आहे की तिच्याकडे बघवत नाही. (विचारपूस इथे संपली. यापुढे राग आहे, तेव्हा समोर गिऱ्हाईक असेल तर आधी त्याला वाटेला लावा.) पत्र घरी न पाठवता दुकानाच्या पत्त्यावर का, असा प्रश्न पडला असेल. घरी पाठवलं तर ताई फोडते. फोन केला असता तर तोही ताईनेच उचलला असता, आणि तसंही फोन या वस्तूचं मला सध्या तोंड बघायचं नाही.

आता मुद्द्यावर येतो. आमचे पर्यवेक्षक या वर्षी निवृत्त होत आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण गेली नऊ वर्षं मी तुम्हाला दुसरं काही सांगितलेलंच नाही. त्यांची खोली जिन्याशेजारी आहे. आत हातांची खुर्ची, हळू-जोरात करता येणारा पंखा आणि स्वतःचं कुलूप असलेलं कपाट. (माझं हल्लीचं कपाट चित्रकलेच्या सरांसोबत आहे आणि माझे नकाशे उघडले की त्यांचे रंग सांडतात.) सत्राच्या सुरुवातीला मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं. वर्गावर्गात फोन वाजताहेत, पालकसभेत लोक आम्हाला फाडून खाताहेत, तेव्हा नववी ‘ब’मध्ये एक सत्र फोन बंद करून दाखवा आणि जिन्याशेजारची खोली घ्या, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. नववी ‘ब’ म्हणजे जिथे आपली टिटवी बसते. मी त्याच संध्याकाळी जाऊन त्या खोलीच्या खिडकीचं माप घेऊन आलो.

दाजी, मी काम कसं करतो ते तुम्ही जाणता. मी सतरा नियम लिहिले. सौ.ने जुन्या पडद्याचं एक लांबलचक कापड करून त्याला एक जादा धरून बेचाळीस कप्पे शिवले, मी त्यावर आकडे रंगवले आणि ते फळ्याशेजारी टांगलं. सकाळी हजेरीच्या वेळी ज्याने त्याने आपापल्या कप्प्यात फोन उभा करायचा, शाळा सुटताना काढून घ्यायचा. कप्पे खोल असल्यामुळे फोनांची नुसती डोकी दिसायची, आणि मी डोकी मोजायचो. पण लबाडी करणारे असतातच म्हणून चौथा नियम मी फार विचार करून लिहिला होता. ‘माझ्याकडे फोनच नाही’ असं जो म्हणेल त्याने तो लपवला आहे असं समजावं, आणि तो फोन जमा होईपर्यंत पहिल्या तासाला त्याला उभं ठेवावं. हा नियम वाचून मोठ्या बाई ‘वा’ म्हणाल्या होत्या. (हे त्या आता विसरल्या आहेत. मी विसरलेलो नाही.)

पहिल्या आठवड्यात कापडात पस्तीस फोन आले. वर्गात मुलं एक्केचाळीस. राहिलेली सहा रोज उभी राहायची, मी त्यांची दप्तरं उलटी करायचो, डबे उघडायचो, एकाच्या तर बुटात हात घातला. (बुटात पाय बरेच दिवस होता एवढंच कळलं.) काही सापडलं नाही म्हणून माझा संशय आणखी वाढला, कारण इतक्या हुशारीने लपवणारं पोर साधं नसतं. आणि मग दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी कप्प्यांकडे बघतो तो एक्केचाळीस डोकी. सहाच्या सहा जणांनी मुकाट्याने फोन आणून ठेवले होते. मी त्या दिवशी घरी जाऊन सौ.ला म्हणालो, बघ, शेवटी शिस्त ही शिस्त असते. टिटवी समोरच जेवत होती. तिने नुसतं पाणी मागितलं.

त्यानंतरचे दोन महिने मी आयुष्यात विसरणार नाही, आणि विसरता आले तर फार बरं होईल. काय वर्ग होता तो! कुठे टाचणी पडली तरी ऐकू यावं. मी सागरी प्रवाह शिकवतोय आणि सगळी मुलं माना खाली घालून बसली आहेत. मला वाटायचं, यांच्यात विनय आला. मधेच एखादी मुलगी गालात हसायची, तर मला वाटायचं हिला उष्ण प्रवाह समजला. शिक्षकखोलीत मी हे तीन वेळा सांगितलं. पालकसभेत माझ्या नावाने टाळ्या वाजल्या. गणिताच्या बाई, ज्या मला नऊ वर्षं ‘अहो भूगोल’ म्हणायच्या, त्या ‘सर’ म्हणायला लागल्या.

परवा वरून तपासणीला साहेब आले. मोठ्या बाई त्यांना सगळी शाळा सोडून थेट माझ्या वर्गात घेऊन आल्या. साहेबांनी कापड पाहिलं, टाके पाहिले, आकड्यांचं कौतुक केलं आणि सहज म्हणून बारा नंबरच्या कप्प्यातला फोन बाहेर काढला. मी छाती काढून म्हणालो की आमची मुलं फोन बंद करूनच ठेवतात. साहेबांनी तो उलटा केला. मागे पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. त्यांनी ती मोठ्याने वाचली: ‘पाण्यात पडला. गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही.’ मग तेरा नंबर काढला: ‘चालू होतो, बोलत नाही.’ चौदा: ‘सासूने आपटला.’ पंधरा: ‘कुत्र्याने चावला.’ (साहेबांनी दाताच्या खुणा मोठ्या बाईंना दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून बघितल्या.) दाजी, जगात ‘ल’ हे अक्षर इतकं आडवं झोपवणारा एकच माणूस आहे आणि त्याने माझ्या लग्नात आहेराची यादी लिहिली होती.

एकतिसाव्या कप्प्यात तर टीव्हीचा रिमोट निघाला. त्यावर चिठ्ठी होती: ‘फोन संपले. हा चालवून घ्या.’ टिटवी म्हणते की तिने तुमच्याकडे हा माल शाळेच्या प्रदर्शनासाठी मागवला होता आणि बाबांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नाही. मग मला एक सांगा, रिमोट कशाच्या जागी चालवून घ्यायचा होता? मी तुमच्याशी आजवर वर मान करून बोललो नाही, पण तुमच्या दुकानात मेलेले चाळीस फोन आणि एक रिमोट खोक्यात भरून, वर कागदाचे बोळे कोंबून, तुम्ही ते नववीतल्या पोरीला कुरियरने पाठवता आणि शिक्षक असलेल्या मामाला एका शब्दाने विचारत नाही, याला काय म्हणावं? खरे फोन मांडीवर आणि तुमचे कप्प्यात! दोन महिने मी रोज सकाळी तुमच्या भंगाराची हजेरी घेत होतो. सागरी प्रवाह कोणीही ऐकलेले नाहीत. परीक्षेत ते दहा गुणांना आहेत.

पण खरा प्रकार पुढेच आहे, आणि तो लिहिताना पेन अडतंय. मोठ्या बाईंनी वर्गाला विचारलं की ही कल्पना कोणाची. टिटवी उभी राहिली. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही, तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, ती साहेबांशी बोलली.

“सर, मी आधी सहाच मागवले होते,” ती म्हणाली. “या सहा जणांकडे खरंच फोन नाहीयेत. ते रोज तेच सांगत होते आणि रोज उभे राहत होते. मग मी त्यांना बंद पडलेले आणून दिले, तर सरांनी लगेच बसवलं.”

बाकीच्यांचं काय, असं साहेबांनी विचारलं. तर बाकीच्यांनी ते पाहिलं, त्यांना ते आवडलं आणि मागणी वाढली, असं तिने सांगितलं. (हे बोलताना ती हुबेहूब तुमच्यासारखी दिसत होती.) साहेबांनी त्या सहा जणांना हात वर करायला लावले. बुटवाला त्यात होता. त्याच्याशेजारी एक बारीक मुलगी होती. तिच्या घरी मिळून एकच फोन आहे आणि तो वडील कामावर नेतात, असं ती खाली बघून म्हणाली. हे तिने मलाही सांगितलं होतं, चार दिवस ओळीने. मी तिला दप्तर पुन्हा उलटं करायला लावलं होतं. दाजी, मला लाज वाटली. हे एकदाच लिहितो, पुन्हा विचारू नका आणि ताईला सांगू नका.

साहेबांनी नियमांचा कागद मागवला, चौथा नियम दोनदा वाचला आणि हा कोणी लिहिला असं विचारलं. मी म्हणालो, समितीने. (समितीत मी एकटाच आहे.) मग मुलांच्या मांडीवरचे, बाकाखालचे, पुस्तकातले पस्तीस खरे फोन टेबलावर आले, आणि जाताना साहेब म्हणाले की यापुढे फोन नुसते मोजू नका, रोज एखादा चालू करून बघत जा. मोठ्या बाई त्यांना सोडायला दारापर्यंत गेल्या आणि परत येताना माझ्या अंगावरून अशा गेल्या की मी जणू खांब आहे. खोलीबद्दल चकार शब्द नाही. गणिताच्या बाईंनी दुपारीच ‘अहो भूगोल’ सुरू केलं. नऊ वर्षं, दाजी! नऊ वर्षं मी त्या कपाटात रंग पुसतोय आणि माझ्या पंख्याची वाट लागली ती माझ्याच बहिणीच्या घरातून निघालेल्या खोक्याने.

चौथा नियम मी काढून टाकला आहे. ज्याच्याकडे फोन नाही त्याने ‘नाही’ म्हणायचं आणि बसायचं, बस. बुटवाल्याला आणि त्या मुलीला वर्गासमोर तसं सांगितलंही. हे मी माझ्या विचाराने केलं, टिटवीच्या सांगण्यावरून नव्हे, हे तिला तुमच्याकडून कळलं तर बरं होईल, कारण घरात आमचं बोलणं बंद आहे. ती मीठ सौ.मार्फत मागते. तुम्ही बाप आहात, तिला दोन शब्द कडक लिहा. आणि स्वतःलाही एखादी पिवळी चिठ्ठी लिहून कपाळाला चिकटवा. ताईला माझा नमस्कार, पण तो देताना पत्र दाखवू नका. राग कमी झालेला नाही, कागद संपला आहे.

आपला, सगळ्या शाळेत तोंड लपवून फिरणारा,
मेहुणा

ता. क. कागद दुसरा मिळाला, कारण पाकीट बंद करणार तोच मोठ्या बाईंनी बोलावलं. दाजी, खोली मिळाली! झालेला गोंधळ माझ्याइतका कोणालाच कळलेला नाही, म्हणून पुन्हा होऊ न देण्याला मीच योग्य, असं त्या म्हणाल्या. (याचा अर्थ मी लावत बसलो नाही.) किल्ली खिशात आहे. पंखा खरंच हळू होतो. पर्यवेक्षक म्हणून पहिलं काम असं, की साहेबांच्या सूचनेवरून सोमवारपासून शिक्षकांनीही फोन जमा करायचे, ते मी गोळा करायचे, आणि सगळ्यांसमोर पहिला फोन माझा.

ता. क. २. वरच्या पत्रातलं जे कडक वाटेल ते सोडून द्यावं, मी रागात होतो. एक विनंती आहे. आपल्या दुकानात एखादा बरा दिसणारा फोन असेल तर शनिवारच्या आत कुरियरने पाठवावा. बोलला नाही तरी चालेल, फक्त बटण दाबल्यावर उजेड पडला पाहिजे. चावलेला नको. गैरसमज करून घेऊ नका, मला फोनचं व्यसन नाही. ताई टिटवीची खबर घ्यायला रोज चौथ्या तासाला मला फोन करते, आणि तो न उचलण्याची हिंमत मला पन्नाशी उलटली तरी आलेली नाही. तुम्ही तिच्याबरोबर सव्वीस वर्षं काढली आहेत, तुम्हाला अधिक सांगायला नको. टिटवीला यातलं काही कळता कामा नये.

ता. क. ३. बाबा, मी टिटवी. मामाने पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं आणि पाकीट नीट चिकटवलं नव्हतं. मामा आता माझ्याशी बोलतो, काल त्याने स्वतःहून मीठ दिलं. शनिवारी एक नको, नऊ पाठवा, शिक्षकखोलीतून सात जणांनी मला आधीच सांगून ठेवलंय. मामाला त्यातला कुठलाही चालेल. चांगला मात्र मोठ्या बाईंसाठी वेगळा बांधा, नववा त्यांनीच मागितलाय. मामाचा फोन चालू करून त्याच बघणार आहेत, त्या काही बोलायच्या नाहीत; पण त्यांचा बघणार मामा.