निळ्या पट्ट्याचा हुक

सर, तुम्हाला लिहायचं मी किती वेळा पुढे ढकललं ते सांगत बसलो तर पत्र त्यातच संपेल. तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली. सुरुवातीला वाटायचं, गेलेल्या माणसाला कोण लिहितं. मग एकदा खरंच वही घेऊन बसलो, ‘सर’ एवढं लिहिलं, तेवढ्यात खिडकीतून दिसलं की समोरच्या विहिरीत कुणाची तरी बादली पडलीय. ती काढायला गेलो, तिथून कुणीतरी शेतावर वालाच्या शेंगा खायला नेलं, आणि घरी आलो तो दुसऱ्या दिवशी. तुम्ही म्हणायचात, ‘तुला कोथिंबिरीची जुडी आणायला पाठवलं तर तू कोथिंबिरीचा मळा बघून येशील, जुडी काही येणार नाही.’ तसाच आहे अजून. आज मात्र लिहायलाच पाहिजे, कारण संध्याकाळी मला वाडीवर जायचंय आणि जाण्याआधी तुमच्याशी एक गोष्ट बोलायची राहिलीय.

वाडी म्हणजे आपली तीच, चामटोलीच्या पुढे डोंगराच्या निम्म्यावरची, पंधरा-वीस घरांची. आता त्या वाटेने रविवारी पुष्कळ लोक जातात. बदलापुरात नव्या बिल्डिंगी झाल्यात, तिथले लोक बूट घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन येतात, आणि बरोबर कुत्री आणतात. छान कुत्री असतात, आपल्या तांबडीसारखी कान फाटलेली नाहीत. पण पायथ्याशी आले की पहिलं काम म्हणजे पट्टा सोडायचा. गेल्या महिन्यात अशाच एका मोकळ्या कुत्र्याने वाडीतलं करडू मारलं. पुढच्या रविवारी वाडीवाल्यांनी वाटेच्या तोंडावर बोरीच्या काट्या आणून टाकल्या. वाट बंद. कुणीच वर यायचं नाही, कुत्रेवाले नाहीत आणि बिनकुत्र्याचेही नाहीत. मीसुद्धा नाही.

मी तरी त्या ओलांडून वाडीवर गेलो आणि म्हटलं, काट्या काढा, मी दर रविवारी पायथ्याच्या आंब्याखाली उभा राहतो. ज्याच्या कुत्र्याला पट्टा नाही त्याला मी पट्टा देतो, आणि ज्याला लावायचा नाही त्याला तिथूनच परत पाठवतो. ते हसले. ‘तू? तू दोन रविवार एका जागी उभा राहशील?’ मग त्यातला एक म्हातारा म्हणाला, ‘म्हातारीला इचारू. हात तिचा मोडलेला. ती बोलंल ते.’ म्हातारी म्हणजे आपली मावशी, हे तुम्हाला सांगायला नको. ती गेले पंधरा दिवस लेकीकडे होती, काल आली म्हणे. म्हणून आज जायचं. आणि म्हणूनच सकाळपासून ही वही उघडून बसलोय.

तुमच्याबरोबर पहिल्यांदा डोंगरावर आलो तेव्हा मी आठवी नापास होऊन शाळेतून बाहेर पडलो होतो. बाकीचे मास्तर रस्त्यात दिसले की मी गल्ली बदलायचो. तुम्ही पीटीचे, तुम्ही एकदा कॅम्प तीनच्या बाजारात सायकल आडवी घालून मला पकडलंत. ‘शाळा सोडलीस, ठीक. पाय सोडलेस का?’ मी म्हटलं, नाही. ‘मग रविवारी ये.’ तेव्हा मी जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला होतो, एका खोलीत आठ मशिनी आणि वर पत्रा. सेठ मला बघून डोकं धरायचा. ‘अरे बाबा, संडे को पहाड, मंडे को नींद. तू पँट कब बनाएगा?’ पण माणूस चांगला होता, कापडाची उरलेली कतरण कितीही ने म्हणायचा. रविवारी तुमची विहारातली वंदना झाली की तुम्ही पांढऱ्या शर्टावर तसाच झोळा अडकवून निघायचात, आणि तांबडी तुमच्या मागे. तांबडी स्टेशनबाहेर सापडलेली. कुत्री पाळणार नाही, नाव ठेवणार नाही, असं तुम्ही घरी सांगितलेलं, म्हणून तिला नुसतं रंगाने हाक मारायचात.

तिला तुम्ही काथ्याच्या दोरीने धरायचात. दोरीने तुमच्या तळहाताला चरे पडलेले. मी म्हटलं, मी पट्टा शिवतो. कमरपट्टीचे उरलेले तुकडे जोडले, दुहेरी शिलाई घातली, जीन्सवर असतो तसा पिवळा दोरा, टोकाला शाळेच्या जुन्या दप्तराचा हुक, दोन्ही बाजूंनी रिबिट ठोकलेले. दोन आठवडे लागले, कारण सेठ जेवायला गेला की मशीन माझी. तुम्हाला दिला तेव्हा तुम्ही ‘वा’ वगैरे काही म्हणाला नाहीत. एक टोक पायाखाली धरलंत आणि दुसरं दोन्ही हातांनी ओढून बघितलंत. ‘इथे एक टाका सुटेल,’ म्हणालात. तो टाका अजून सुटलेला नाही, सर. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे येणार आहे.

त्या वाटेचा तुमचा कायदा होता, वाडीवाल्यांकडूनच शिकलेला. समोरून ओझं येताना दिसलं, मोळी असो, गवताचा भारा असो, की आपण थांबायचं. ओझ्याला डोंगराची बाजू द्यायची, आपण दरीच्या बाजूला उभं राहायचं, आणि कुत्री दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरायची. ओझं पुढे जाऊन वळणाआड झालं की मग चालायचं. मला कंटाळा यायचा. एका चढाला सात-आठ वेळा थांबायचं म्हणजे काय! तांबडीलाही यायचा. ती कुईं कुईं करायची आणि मला वाटायचं, आम्ही दोघं एकाच जातीचे, बांधलेले. आठवडाभर मी पत्र्याखाली आणि ती तुमच्या ओट्याखाली.

आणि मग तो रविवार, दिवाळी नुकतीच झालेली. गवत पिवळं पडलंय, उन्हात सगळा उतार हलतोय. तुमच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून तुम्ही खाली दगडावर बसलात आणि पट्टा माझ्या हातात दिलात. ‘वळणापर्यंत जा, पुढे जाऊ नकोस.’ मी वळण ओलांडून पुढे गेलो. आणि वरून मावशी येत होती, डोक्यावर मोळी. तांबडी सुटली. ती चावायला नव्हती गेली, तुम्हाला माहीत आहे, ती नुसती आनंदाने गेली, शेपूट हलवत, मोठ्याने भुंकत. मावशी ओरडली, ‘धर तिला! मेल्या, धर ना!’ मी धावलो, पण उतारावर दोन पायांचं माणूस चार पायांच्या मागे काय पोचणार. मावशीने बाजूला व्हायला पाय टाकला तो घसाऱ्यावर. मोळी एकीकडे, मावशी दुसरीकडे, चुंबळ गडगडत ओढ्यात गेली. मनगट असं वाकडं झालं की मी बघूच शकलो नाही.

तुम्ही एका पायात चप्पल घेऊन धावत आलात. मी म्हटलं, ‘हुक निसटला, सर.’ तुम्ही तांबडीला धरलंत, हुक हातात घेऊन बघितलात, आणि परत तिच्या गळ्यात अडकवलात. मावशीने माझ्याकडे बघितलं. मग मनगट छातीशी धरून ती उठायला लागली.

सरकारी दवाखान्यातून हात गळ्यात घेऊन ती वाडीवर आली तेव्हा तिचा नवरा अंगणात कुऱ्हाड घेऊन बसलेला. कुऱ्हाड लाकडं फोडायचीच, पण मी तुमच्या मागे सरकलो. ‘मास्तर, कुत्री आमच्या हाती द्या. नायतर या वाटेला परत पाय ठेवायचा नाय.’ तांबडी तुमच्या पायाला चिकटून बसलेली, तिला कळत होतं काहीतरी. मला वाटलं, आता तुम्ही माझ्याकडे बोट दाखवणार. तुम्ही म्हणालात, ‘कुत्रीचा दोष नाही. ती माझ्या हातात होती. मावशीचा हात जुळेपर्यंत तिची मोळी मी वाहतो.’ तो म्हणाला, ‘मास्तर मोळी वाहनार?’ आणि अंगणात सगळे हसले. मावशीपण हसली, हात दुखत असूनही. ‘वाहू दे की. बगू तरी पँटवाला कसा चालतो.’

आणि तुम्ही वाहिलीत. गुरुवारी शाळेच्या आधी एकटे, रविवारी मला घेऊन. बाजारात लोक बोटं दाखवायचे. एकदा तुमच्याच वर्गातल्या पोरांनी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तुमचं नाव ‘मोळीसर’ पडलं. तुम्हाला ते आवडलं होतं, खोटं बोलू नका. मला पहिल्यांदा मोळी उचलून दिलीत तेव्हा तुम्ही चुंबळ स्वतः वळून माझ्या डोक्यावर ठेवलीत आणि तांबडीचा पट्टा माझ्याच कमरेला बांधलात. मान ताठ, डोळे समोर, उतारावर पाऊल अंदाजाने टाकायचं. निम्म्यावर तुम्ही मागून म्हणालात, ‘थांब. आता तुझे पाय बघ.’ मला बघता येईना. मान खाली घातली की मोळी चालली. ‘दिसतात?’ ‘नाही, सर.’ ‘आता समोरून कुत्रं आलं असं समज.’ एवढंच. मला त्या प्रकरणात तुमच्याकडून मिळालेला ओरडा तो एवढाच. पण मी पुढचं प्रत्येक पाऊल चाचपून टाकायला लागलो, आणि तांबडी शहाण्यासारखी माझ्या वेगाने चालली, एकदाही ओढलं नाही तिने. सहा रविवार आम्ही वाहिलं. सातव्याला मावशीने प्लॅस्टर काढलेल्या हाताने आम्हाला काळा चहा दिला आणि तांबडीपुढे भाकरीचा तुकडा टाकला, लांबूनच. मनगट जरा वाकडं जुळलं. ती म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे, चूल फुकाया सरळ मनगट कशाला लागतंय.’

त्यानंतर मी बरंच काही केलं आणि काहीच नीट केलं नाही. आनंदनगरला तीन कंपन्या बदलल्या, मध्ये एका ट्रकवर क्लीनर म्हणून नाशिकपर्यंत गेलो, तिथला एक किस्सा आहे पण तो राहू दे. तुम्ही गेलात तेव्हा मी ट्रकवरच होतो. आलो तर तुमच्या घरी काकूंनी मला पट्टा दिला, म्हणाल्या, ‘तुझाच आहे म्हणे.’ तांबडी पुढे वर्षभर माझ्याकडे होती. आता मी चामटोलीत खोली घेऊन राहतो, सेठच्या कारखान्यातली म्हातारी मशीन दाराशी ठेवलीय, आणि या महिन्यात मी चौदा पट्टे शिवलेत. सेठचा मुलगा कतरण देतो, बापासारखंच डोकं धरून. निळे, काळे, एक तर फुलाफुलांचा. सगळ्यांना पिवळा दोरा. संध्याकाळी दारात बसून शिवत असतो, समोर डोंगर असतो, आणि खरं सांगू, मी सुखात आहे. एका जागी बसून सुखात असणं मला जमेल असं तुम्हालाही वाटलं नसतं.

फक्त ती एक गोष्ट. हुक निसटला नव्हता, सर. मी काढला होता. तांबडीने माझ्याकडे बघितलं, मी गवताकडे बघितलं आणि म्हटलं, जा, पळ, तू तरी पळ. तुम्हाला ते तेव्हाच कळलं असणार, कारण तो हुक इतका घट्ट होता की तुम्ही तो नेहमी दोन्ही अंगठ्यांनी उघडायचात. तरी अंगणात म्हणालात, ती माझ्या हातात होती. आणि त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी पट्टा परत माझ्याच कमरेला बांधलात. मी रोज ठरवायचो आज सांगू, आणि रोज काहीतरी दिसायचं, पक्षी, कुणाचं तरी लग्न, काहीही. मावशी तर समोर होती, दहा पावलांवर. तिने सगळं बघितलंय. आणि आज मी तिच्यासमोर जाऊन म्हणणार की मावशी, लोकांनी पट्टे सोडू नयेत म्हणून मला उभं राहू दे. कुठल्या तोंडाने, हेच ठरत नाहीये. ठरवलं होतं की आधी तुम्हाला लिहितो, मग तिला सांगतो, मग ती काट्या ठेवू दे नाहीतर काढू दे.

थांबा, दारात कोणीतरी आलंय.

मावशीच आहे, सर. मी संध्याकाळी जाणार होतो, ही दुपारच्या उन्हात खाली उतरून आली, चामटोलीत विचारत विचारत. माझ्या उंबऱ्यावर बसलीय, मी पाणी दिलं ते प्यायली, आणि आता पट्ट्यांच्या ढिगातला एक उचलून त्याचं टोक पायाखाली धरून ओढून बघतेय, अगदी तुमच्यासारखं, त्या वाकड्या मनगटाने. मी म्हटलं, मावशी, मला तुला एक सांगायचंय. ती वरही बघत नाहीये. म्हणते, ‘सांगशील रं, वाटेत सांग. काट्या काढाया दोघं तरी लागतात.’ आणि मग हुकावर अंगठा दाबून म्हणते, ‘ह्यो पक्का हाय ना? का ह्योबी निसटतोय?’