‘बस’ म्हटलं अन् ती बसून गेली

गोरेगाव, गोंदियाजवळ,
मंडईनंतरचा दुसरा बाजारदिवस, सन १९५७

राजमान्य राजेश्री केशोराव भाऊ, मुक्काम गोंदिया, यांच्या सेवेशी तुमच्या एकुलत्या एका मेहुण्याचा, जागेश्वरचा, वाकून नमस्कार.

आपला गुडघा आता काय म्हणतो? राईस मिलच्या कोंड्यानं लागलेला खोकला कमी झाला का? वहिनीसाहेब, मुलं, तुमचे वडील मामाजी आणि घरातली बाकी सगळी मंडळी खुशाल असतील अशी आशा करतो. (सगळी, म्हणजे सध्या तुमच्या घरात जी जी कोणी असेल ती. नाव घेऊन मी कुणाची चौकशी करत नाही.) इकडे सर्व ठीक आहे. धान बांधीतून खळ्यावर आलं, म्हैस दूध देते, देवकाआत्या दिवसभर बोलते.

पत्राचं कारण की, माझ्या शिलाई मशीनचा चामडी पट्टा तुटायला आला आहे. गोंदियाच्या बाजारात पक्का मिळतो, तेव्हा एक पाठवून द्यावा. दुसरं काही कारण नाही. अक्षर वाकडं आलं असेल तर माफी असावी, कारण हे पत्र मी उभ्यानं लिहितो आहे. मशीनच्या फळीवर कागद ठेवतो, एक ओळ लिहितो, दारापर्यंत जातो, रस्ता पाहतो आणि परत येतो. बसवतच नाही, भाऊ. आणि ‘बस’ हा शब्द आता कागदावर आलाच आहे, तर त्याच्याबद्दल थोडं लिहितो. तुम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, तुम्हीच न्याय करा.

हा दोन अक्षरांचा शब्द किती दगाबाज आहे पाहा. धूळ बसते, घसा बसतो, मार बसतो, धक्का बसतो. पोरगा परीक्षेला बसतो आणि नापास होऊन घरी बसतो. धंदा चालला तर म्हणायचं जम बसला, आणि बुडाला तर म्हणायचं धंदा बसला. मग शेजाऱ्यानं पेढे मागावेत की सांत्वनाला यावं? माझ्याच कामात बघा, सदरा गिऱ्हाइकाच्या अंगाला बसला तर मी पास, आणि गिऱ्हाईक त्याच्यासाठी दुकानात येऊन बसलं तर मी नापास. त्यात तुमचं गोंदिया. तिथं हलवायापासून हमालापर्यंत सगळे हिंदी, तिथं ‘बस’ म्हणजे पुरे. माझ्या तोंडी पुरे म्हणजे पुरे, आणि बस म्हणजे खाली टेक. एवढ्यानं भागलं नाही म्हणून की काय, परवापर्यंत जिला आपण सरळ मोटार म्हणत होतो तिलाही लोक आता बस म्हणायला लागले. एका शब्दाच्या अंगावर इतकी ओझी घातल्यावर तो कुठं तरी कोसळणारच. तो नेमका माझ्या घरात कोसळला.

झालं असं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला तुम्हाला मिलमधून सुट्टी मिळाली नाही, म्हणून तुम्ही वाचलात. आमच्याकडे रात्रभर दंडारीचं नाटक पाहायचं आणि दिवसभर पाहुण्यांच्या पंगती उठवायच्या. पाहुण्यांत मुख्य आमचे बकाराम काका (आमच्या लग्नात वरणात मीठ कमी म्हणून ज्यांनी मांडव डोक्यावर घेतला होता, तेच). तुमच्या बहिणीनं, सुलोचनानं, यंदा मनावर घेतलं होतं की काकांच्या तोंडून एकदा तरी ‘वा’ काढायचीच. म्हणून तिनं तुमच्या आईच्या, आमच्या मामींच्या, हातची ती भज्यांची कढी केली. पहाटेपासून चुलीपुढं. ताक कोणाकडून आणलं, भजी किती वेळा तळली, काही विचारू नका.

पंगतीत मी काकांच्या शेजारी. ती कढीचं पातेलं, आपला तो मोठा गंज, घेऊन आली, माझ्या द्रोणात पहिली पळी घातली, आणि मी तिच्याकडं पाहिलं. तोंड लालबुंद झालेलं, पदर घामानं भिजलेला, पहाटेपासून एकदाही टेकली नव्हती. मला तिची फार दया आली, भाऊ. पण चार माणसांत बायकोची दया दाखवायची तरी कशी? म्हणून हळूच, अगदी प्रेमानं, एकच शब्द बोललो. बस. म्हणजे, टेक जरा, वाढायला दुसरं कुणी येईल. ती म्हणाली, “बस?” मला वाटलं, बसू का असं विचारते. म्हटलं, “हव, बस.”

काकांनी हे ऐकलं आणि पटकन आपल्या द्रोणावर पंजा ठेवला. “घरधनीच नाही म्हणते, त आपुन कायले जीव धोक्यात घालाव गा?” त्यांचं पाहून त्यांच्या पलीकडच्यानं हात ठेवला, मग त्याच्या पलीकडच्यानं. बघता बघता सगळी पंगत द्रोणावर पंजे ठेवून ‘बस, बस’ करायला लागली, आणि सुलोचना भरला गंज घेऊन मध्ये उभी. माझ्या मात्र डोक्यात शेवटपर्यंत हेच की ही एवढं सांगूनही बसत का नाही!

रात्री ती न जेवताच भिंतीकडं तोंड करून झोपली. मी समजलो, दमली. (नवरे नेहमी असंच समजतात. त्यांना सोयीचं पडतं.)

सकाळी बघतो तर दारात पेटी भरून तयार. म्हणाली, मी माहेरी जाऊन राहिली. मी मशीनवर होतो, तोंडात टाचण्या. मंडईनंतर बायकोनं चार दिवस माहेरी जावं, त्यात विशेष काय? उंबऱ्यात ती थांबली, वळली आणि म्हणाली, “बस?”

आता तुम्हीच सांगा. हातात पेटी घेतलेली बाई ‘बस?’ म्हणून विचारते, तर शहाणा माणूस काय समजेल? मी टाचण्या काढल्या आणि म्हटलं, “साडेआठला.” वर हेही सांगितलं की कधी कधी उशीर होतो, पण आपण वेळेवर निघालेलं बरं.

ती गेली. देवकाआत्या ओसरीवर ऊन खात होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला. “येड्या, एवढंच का म्हनून विचारून राहिली होती ते! अन् तू तिले टाइम सांगतं?” तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. गळ्यात टेप, पायांत काही नाही, तसाच धावलो. भर रस्त्यातून, बाजारातल्या सगळ्या दुकानदारांच्या डोळ्यांदेखत. पोचतो तो गाडी हललेली. पूर्वी मागून ‘ए मोटार!’ म्हणून हाका मारत असू. तशीच मारली असती तर बरं झालं असतं, पण मला मेल्याला नवं बोलायची हौस! जीव खाऊन ओरडलो, “ए बस! बस! बस!” थांबली नाही. धुरळा माझ्या अंगावर बसला आणि घसा बसला तो अजून सुटलेला नाही.

तेव्हापासून घर खायला उठतं. मशीनवर टेकलो की पाय पायट्यावर न जाता दाराकडं जातात. केवळरामच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. तो आता एक हात मागं करून फिरतो आणि मला शिव्या देतो. मशीनजवळ सुलोचनाचा पाट आहे. त्यावर बसून ती काज करते, बटणं लावते आणि माझ्या चुका काढते. परवा केवळराम त्याच पाटावर टेकायला गेला. मी त्याला उठवलं. तो म्हणाला, काऊन गा, सोन्याचा आहे का? मी म्हटलं, हव, आहे.

असो. पट्ट्याचं तेवढं विसरू नये. मामाजींना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो अशा पत्रानंही कमी होऊ देऊ नये.

आपला,
जागेश्वर

ता. क. मशीनचा पट्टा शाबूत आहे. तो पाठवू नये. जिला पाठवायचं तिला पाठवावं.

ता. क. दुसरा. वरचं लिहून पत्र मिटलं होतं, एवढ्यात शेजारच्या मंदाबाई आल्या. त्या दिवशी त्याच बसमध्ये होत्या. लेकीकडं राहून आज परतल्या. त्या म्हणतात, मला मागून धावताना पाहून सुलोचना उठली होती. पेटीसुद्धा हातात घेतली होती. तेवढ्यात मी ‘बस! बस!’ ओरडलो आणि ती मटकन खाली बसली. भाऊ, ऐकल्यापासून मी ओसरीवर नुसता येरझारा घालतो आहे. तिनं ‘बस’ म्हणजे काय ऐकलं, खाली बस की पुरे झालं? तिला विचारून पाहा. नको, विचारू नका. ती उठली होती, हेच माझ्यासाठी फार आहे. मी फक्त गाडीला हाक मारत होतो, एवढं तिला सांगा. तिला कशाला पुरे म्हणेन मी?

ता. क. तिसरा. हे मोठ्यानं वाचत असाल तर इथं थांबा आणि कागद तिच्या हातात द्या.

सुलोचना, कढी फार उत्तम होती. मी पंगतीतच सांगायला हवं होतं. तू गेल्यावर बकाराम काकांनी गुपचूप गंज पुसून खाल्ला, ‘वा’ म्हणाले, आणि जाताना विचारून गेले, सूनबाई कधी येऊन राहिली? उंबऱ्यात तू ‘बस?’ विचारलंस, त्याचं उत्तर साडेआठला असं नाही. त्याचं उत्तर, नाही. एवढंच नाही, पुष्कळ आहे, पण तू समोर असल्याशिवाय मला ते बोलता येत नाही. येत्या बाजाराला मी स्टँडवर येतो. तोंडातून अक्षर काढणार नाही, नुसता हात हलवीन. घरी तुझा पाट जागच्या जागी आहे आणि मी अजून उभाच आहे. आता ‘बस’ तू म्हण, म्हणजे बसेन.